डेटाबेस सर्व्हर चालू होईना? काही पुसण्याआधी लॉग वाचा

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ सेतू केंद्रात, राशन दुकानात, बँकेच्या काउंटरवर हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. ऐकणारा मुकाट्याने घरी जातो. सर्व्हर म्हणजे नेमकं काय, तो डाऊन झाला म्हणजे काय झालं आणि तो वर कसा आणतात, हे खिडकीच्या बाहेरच्या माणसाला कुणी सांगत नाही. खरं सांगायचं तर पुष्कळदा खिडकीच्या आतल्या माणसालाही ते माहीत नसतं.

जूनमध्ये हेच वाक्य नांदगाव पेठच्या एका शाळेच्या खिडकीतून बाहेर आलं, तेव्हा मी आतल्या बाजूला उभा होतो. कॉम्प्युटर दुरुस्ती आणि छोट्या ऑफिसांची सॉफ्टवेअर सांभाळणं हे माझं काम. सकाळी अकराला शाळेच्या बाबूंचा फोन आला होता. ‘भाऊ, ते मायएसक्यूएल लाल होऊन राह्यलं जी. चालूच नाही होत. इकडं टीसीसाठी लाईन लागली.’

दहावीचे निकाल लागलेले. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. यादीत कॉलेज मिळालं की ठरावीक दिवसांत मूळ कागद दाखवून प्रवेश पक्का करावा लागतो. खिडकीपाशी एक बाई मुलीला घेऊन उभ्या होत्या. मुलीला अमरावतीचं कॉलेज मिळालं होतं आणि हातात दोनच दिवस होते. तुम्ही म्हणाल, दाखल-खारीज रजिस्टर असतं की, हाताने लिहून द्या. रजिस्टर होतं. पण दोन वर्षांतल्या नावाच्या दुरुस्त्या आधी कॉम्प्युटरवर चढवल्या होत्या आणि रजिस्टरमध्ये ‘सुट्टीत करू’ म्हणून राहून गेल्या होत्या. आपल्या घरांत नावाच्या स्पेलिंगचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. आधारवर एक शेख, मार्कशीटवर दुसरा शेख, वडिलांचं नाव कुठे आधी तर कुठे नंतर. त्या मुलीचं नाव दुरुस्त व्हायला तिच्या अब्बांनी किती चकरा मारल्या असतील, ते त्यांनाच ठाऊक. ती दुरुस्ती आता त्या लाल अक्षरांच्या मागे अडकून पडली होती.

बाबूंचा भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो माझ्या आधीच पोचला होता. मोबाईलवर एक व्हिडिओ लावून त्याने ‘डेटा’ नावाचा फोल्डर उघडला होता, त्यातल्या चार-पाच फायली निवडून निळ्या केल्या होत्या, आणि बोट डिलीटच्या बटनावर. मी म्हटलं, ‘बेटा, हात बाजूला घे आधी.’

या लेखाचा निम्मा मुद्दा एवढाच आहे. तरी बाकीचा सांगतो, कारण अशी पाळी शाळेवर, दवाखान्यावर, मेडिकलवर, पतसंस्थेवर, ट्रस्टच्या ऑफिसवर, कुणावरही येते.

सर्व्हर म्हणजे पेटी नव्हे

आपल्याकडे कोपऱ्यातल्या मोठ्या डब्याला सर्व्हर म्हणतात. चुकीचं नाही, पण डेटाबेस सर्व्हर हा मुळात त्या डब्यात चालणारा एक प्रोग्राम असतो. तो पडद्यावर दिसत नाही. मागे बसून राहतो. टीसी छापणारं सॉफ्टवेअर त्याला विचारतं, ‘अमुक नंबरच्या मुलीची नोंद दे.’ तो फायली चाळून नोंद काढून देतो. म्हणजे रेकॉर्ड रूममधला कारकून समजा. कारकून कामावर आला नाही तर कागद जळाले असा अर्थ होत नाही. कागद जागेवरच असतात, फक्त काढून देणारं कुणी नसतं. सर्व्हर चालू होत नाही म्हणजे डेटा गेला, असं नव्हे. बहुतेक वेळा डेटा शाबूत असतो, आणि तो जातो तो घाईने केलेल्या दुरुस्तीत.

या कारकुनांची नावं ठरलेली आहेत. मायएसक्यूएल, मारियाडीबी, पोस्टग्रेएसक्यूएल, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर. लहान ऑफिसांत पहिले दोन फार दिसतात, कारण फुकट मिळतात. मायएसक्यूएल १९९५ साली आला. तो बनवणाऱ्यांतले मुख्य मायकेल विडेनियस यांनी आपल्या मुलीच्या नावावरून त्याला ‘माय’ म्हटलं. २०१० मध्ये तो ऑरेकल कंपनीच्या हाती गेला, त्याआधीच विडेनियस यांनी त्याचीच दुसरी शाखा सुरू केली आणि धाकट्या मुलीच्या, मारियाच्या नावाने तिला मारियाडीबी म्हटलं. हे गमतीसाठी सांगितलं नाही. शाळेत जे ‘झॅम्प’ नावाचं पॅकेज होतं, त्याच्या पॅनेलवर मायएसक्यूएल लिहिलेलं असतं, पण आत मारियाडीबी चालतो. इलाज शोधताना नाव चुकलं तर इलाजही चुकतो.

आधी एक प्रश्न

बाबू म्हणाले सर्व्हर बंद आहे. मी ते लगेच मानलं नाही. ‘सॉफ्टवेअर उघडत नाही’ आणि ‘सर्व्हर चालू होत नाही’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. कधी सर्व्हर ठणठणीत चालू असतो, पासवर्ड बदललेला असतो. कधी राउटर बदलल्यावर मशीनचा नेटवर्क पत्ता बदललेला असतो आणि बाकीची कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर हाका मारत असतात. म्हणून सर्व्हर असलेल्या मशीनवरच जाऊन पाहायचं. विंडोजमध्ये ‘सर्व्हिसेस’च्या यादीत किंवा झॅम्पच्या पॅनेलवर. लिनक्सवर ‘सिस्टमसीटीएल स्टेटस’ या कमांडने. तिथे ‘रनिंग’ दिसलं तर दुखणं दुसरीकडे आहे.

शाळेत मात्र तो खरंच बंद होता. स्टार्ट दाबलं की दोन सेकंद पिवळा, मग लाल ओळ: अनपेक्षितपणे बंद पडला. भाचा म्हणाला, ‘पाहा, एरर आलाच.’ तो एरर नव्हता. ती फक्त खबर होती. मयतीची खबर मिळाली म्हणजे दुखणं कोणतं होतं ते कळत नाही. कारण लिहिलेलं असतं लॉगमध्ये.

लॉग ही साधी मजकुराची फाईल. सर्व्हर उठल्यापासून झोपेपर्यंत काय केलं, कुठे अडला, हे तो वेळेसकट तिच्यात लिहितो. झॅम्पच्या पॅनेलवर मायएसक्यूएलसमोर ‘लॉग्स’ नावाचं बटन असतं, तिथूनच ती उघडते. उबुंटू लिनक्सवर ती बहुधा ‘व्हार’ फोल्डरातल्या ‘लॉग’ फोल्डरात, त्यात मायएसक्यूएलच्या नावाच्या फोल्डरात सापडते. तिथे काही नसेल तर ‘जर्नलसीटीएल’ कमांड सांगते. फाईल उघडली की लोक तळाची शेवटची ओळ वाचतात. तिथे बहुधा ‘अबॉर्टिंग’ असं काहीतरी असतं, त्याचा उपयोग नाही. तळापासून वर चढत जायचं आणि या वेळच्या प्रयत्नातला पहिला एरर शोधायचा. नंतरचे दहा एरर त्या पहिल्याचीच पिल्लं असतात.

आमच्या लॉगमध्ये पहिला एरर होता: आरिया रिकव्हरी अयशस्वी, सर्व आरिया टेबलांवर ‘आरिया चेक’ चालवा आणि आरिया लॉगच्या नंबरवाल्या फायली काढा. म्हणजे कारकुनाने स्वतःच चिठ्ठी लिहून ठेवली होती की मला काय झालं आणि औषध कोणतं. सकाळपासून ती कुणी उघडली नव्हती.

भाचा काय पुसणार होता

त्याने निळ्या केलेल्या फायलींत नंबरवाली आरिया लॉग होती, ती ठीक. पण त्यात ‘आयबीडेटा१’ही होती. ती का पुसायची नाही, हे समजून घेण्यासारखं आहे.

मारियाडीबीत टेबलं ठेवण्याच्या पद्धती एकाहून जास्त आहेत. तुमचा-आमचा खरा डेटा, म्हणजे विद्यार्थी, फी, दाखले, बहुधा ‘इनोडीबी’ या पद्धतीत असतो. सर्व्हरचा स्वतःचा घरगुती हिशोब, म्हणजे कोण युजर, कुणाला काय परवानगी, हा मारियाडीबी १०.४ पासून ‘आरिया’ पद्धतीत असतो. शाळेत बिघडलं होतं ते हे दुसरं, घरगुती. मुलांच्या नोंदींना धक्का नव्हता. आणि आयबीडेटा१ ही इनोडीबीची जणू अनुक्रमणिका. कोणतं टेबल कुठे, याची यादी तिच्यात. ती पुसली की सर्व्हर नवीन कोरी बनवतो, हसत-हसत चालू होतो, पॅनेल हिरवं होतं, आणि सॉफ्टवेअर उघडून पाहावं तर सांगतो की असं टेबलच अस्तित्वात नाही. फायली फोल्डरात डोळ्यांना दिसत असतात. कारकून म्हणतो, माझ्या यादीत नाही. व्हिडिओ बनवणाऱ्याचा सर्व्हर मात्र चालू झालेला असतो, कारण त्याच्या मशीनवर जपण्यासारखं काही नसतंच.

दुसरा एक इलाज असाच फिरत असतो. ‘डेटा’ फोल्डरचं नाव बदला, झॅम्पच्या ‘बॅकअप’ फोल्डरची प्रत करून तिला ‘डेटा’ नाव द्या. हा इलाज खोटा नाही. पण तो बॅकअप फोल्डर तुमच्या शाळेचा बॅकअप नसतो, कंपनीने दिलेला कोरा नमुना असतो. जुन्या फोल्डरातून तुमच्या डेटाबेसचे फोल्डर आणि आयबीडेटा१, दोन्ही त्यात परत आणावे लागतात. अर्धी माहिती घेऊन हा इलाज करणाऱ्यांनी नंतर रडत फोन केलेले मी ऐकले आहेत.

मग आम्ही काय केलं? सर्व्हर बंदच ठेवला. संपूर्ण ‘डेटा’ फोल्डरची प्रत आधी बाहेरच्या डिस्कवर घेतली. संपूर्ण म्हणजे संपूर्ण, निवडून नाही. पंधरा मिनिटं लागली. खिडकीबाहेर कुरकुर वाढली, बाबू घाम पुसत होते. तरी ही पंधरा मिनिटं वाचवायची नसतात. प्रत हातात आली की पुढे काहीही चुकलं तरी सकाळच्या जागी परत येता येतं. त्यानंतर लॉगने सांगितलं तसं घरगुती टेबलांवर आरिया चेक दुरुस्तीच्या पर्यायासह चालवलं, नंबरवाल्या आरिया लॉग फायली पुसल्या नाहीत, दुसऱ्या फोल्डरात हलवल्या. स्टार्ट दाबलं. पिवळा. आणि हिरवा राहिला.

जुम्याची नमाज होऊन परत आलो तेव्हा टीसी छापली जात होती. त्या बाईंनी खिडकीवर उभं राहून नावातलं एक-एक अक्षर वाचलं, मगच घडी घातली.

लाईटचा दोष, की आमचा?

बाबू म्हणाले, ‘हे लाईटवाल्यांचं काम होय.’ मलाही तेच वाटलं. नांदगाव पेठला १३५० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, चिमण्या हायवेवरून दिसतात, तरी वावधान सुटलं की आमच्या घरातला पंखा थांबतो. याच्यावर गावात पुष्कळ विनोद आहेत. पण सवयीने मी लॉगमध्ये मागे-मागे गेलो, तर रोज सकाळी सव्वादहा-साडेदहाला एकच ओळ: क्रॅश रिकव्हरी सुरू. सोमवार, मंगळवार, बुधवार. आठवडेच्या आठवडे. लाईट इतकी नेमाने रोज जात नाही.

संध्याकाळी शाळा बंद करताना शिपाई चाचा मेन स्विच पाडत होते. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शॉर्टसर्किटची भीती, वरून सूचना, आणि कॉम्प्युटरचा पडदा काळा म्हणजे तो बंद आहे असा त्यांचा समज. आणखी एक गोष्ट होती. झॅम्पमधला सर्व्हर विंडोजची सर्व्हिस म्हणून बसवलेला नसेल, नुसता पॅनेलवरून चालवलेला असेल, तर विंडोज नीट शटडाऊन केलं तरी त्याला निवांत आवरायला वेळ मिळत नाही. आधी पॅनेलवर स्टॉप दाबावं लागतं. हे शाळेत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याने सांगितलं नाही, आणि त्यानंतर मशीन पाहणाऱ्या मीही नाही.

अचानक वीज गेल्यावर डेटाबेस लगेच मरत नाही, याचं कारण आपल्या जुन्या दुकानदारांना चटकन कळेल. गिऱ्हाईक गेलं की दुकानदार आधी कच्च्या वहीत टिपून घेतो, पक्क्या खतावणीत संध्याकाळी सवडीने उतरवतो. इनोडीबी तेच करतो. बदल आधी ‘रिडू लॉग’मध्ये, म्हणजे कच्च्या वहीत. मग खऱ्या टेबलात. मधेच दिवे गेले तर सकाळी उठल्यावर तो कच्ची वही काढून जुळवणी करतो, राहिलेलं उतरवतो, अर्धवट व्यवहार खोडतो. याचंच नाव क्रॅश रिकव्हरी. ही सोय उत्तम आहे, पण ती अपघातासाठी आहे. रोज तिच्यावर विसंबायचं नसतं. तेही स्वस्तातल्या डिस्कवर, जी ‘लिहिलं’ म्हणते आणि प्रत्यक्षात लिहायची बाकी असते.

डेटाबेस मोठा असेल तर ही जुळवणी करायला वेळ लागतो. दहा मिनिटं, कधी अर्धा तास. पडद्यावर काहीच हलत नाही. माणूस घाबरतो, टास्क मॅनेजरमधून मारून टाकतो, पुन्हा चालू करतो, आणि जुळवणी पुन्हा पहिल्यापासून. लिनक्सच्या काही जुन्या मांडणीत तर सिस्टमच ठरलेल्या वेळेत चालू झाला नाही म्हणून त्याला मारते. अशा वेळी लॉग पाहत बसा. ओळी पुढे सरकत असतील तर हात लावू नका.

बाकी कारणं, जी मला जास्त भेटतात

डिस्क भरणं हे पहिलं. सर्व्हरला लिहायला जागा उरत नाही, तो उठत नाही. लॉगमध्ये ‘एरर २८’ किंवा जागा नाही असा मजकूर दिसतो. लिनक्सवर ‘डीएफ’ कमांडने लगेच समजतं. कधी जागा दिसते पण फायलींची संख्याच संपलेली असते, त्यासाठी त्याच कमांडला ‘आय’ जोडून पाहावं. जागा कशाने भरली? मायएसक्यूएल ८ मध्ये ‘बायनरी लॉग’ आपोआप चालू असतो आणि ३० दिवस साठतो. व्यवहार जास्त असले की तो फुगतो. पण म्हणून त्या फायली हाताने पुसू नका. आधी जुनी इन्स्टॉलर, जुने व्हिडिओ, इतर प्रोग्रामचे लॉग हटवून थोडी जागा करा, सर्व्हर उठवा, मग त्याच्याच ‘पर्ज’ आज्ञेने जुने बायनरी लॉग काढा. त्याची स्वतःची यादी असते. यादीतली फाईल गायब दिसली की तो पुन्हा रुसतो.

डिस्क नीट आहे पण पोचत नाही, हेही होतं. मोठ्या ठिकाणीसुद्धा. २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार ११ वाजून ४० मिनिटांनी थांबवावे लागले आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. बाजाराने दिलेल्या खुलाशात टेलिकॉम कंपन्यांच्या लिंक बिघडल्याचं आणि त्यातून साठवणुकीची यंत्रणा सर्व्हरांच्या आवाक्याबाहेर गेल्याचं म्हटलं होतं. नांदगाव पेठच्या ऑफिसात हेच होतं तेव्हा बाहेरच्या डिस्कची वायर सैल झालेली असते.

मग पोर्ट. मायएसक्यूएल आणि मारियाडीबी दोघंही ३३०६ नंबरच्या दारावर बसतात. एका दारात एकच चौकीदार. कुणीतरी अकाउंटिंगचं नवं सॉफ्टवेअर बसवतं, त्याच्यासोबत गुपचूप दुसरा मायएसक्यूएल येतो, तो आधी उठून दार अडवतो आणि आपला जुना उपाशी राहतो. विंडोजमध्ये ‘नेटस्टॅट’, लिनक्सवर ‘एसएस’ कमांड सांगते की दारात कोण बसलं आहे. याचाच भाऊ म्हणजे ‘आयबीडेटा१ला कुलूप लावता येत नाही’ हा एरर. त्याचा अर्थ जुनी प्रक्रिया अजून मेलेली नाही, तीच त्या फायली धरून बसली आहे. फाईल पुसायची नाही, जुन्या प्रक्रियेला शांतपणे बंद करायचं.

परवानग्यांचा घोळ लिनक्सवर. डेटा नव्या डिस्कवर हलवताना रूट युजरने प्रत केली, फायलींचा मालक रूट झाला, आणि सर्व्हर चालतो ‘मायएसक्यूएल’ नावाच्या युजरने. त्याला स्वतःच्याच घरात शिरता येत नाही. ‘एरर १३’. मालकी परत त्याच्या नावे करून द्या. तरीही अडला तर उबुंटूवर ‘ॲपआर्मर’ नावाचा पहारेकरी पाहा. फोल्डरची जागा बदलली की त्याच्या वहीतही नवीन पत्ता लिहावा लागतो. हे माहीत नसल्याने मी स्वतः एक पूर्ण रविवार घालवला आहे.

सेटिंगच्या फाईलमधल्या चुका वेगळ्याच. व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलेली ओळ चिकटवली, त्यातलं अवतरण चिन्ह वाकडं आलं, संपला खेळ. किंवा मायएसक्यूएल ५ वरून ८ वर गेलात आणि फाईलमध्ये ‘क्वेरी कॅश’ची जुनी ओळ राहिली. ८ मध्ये ती सोयच काढून टाकली आहे, म्हणून सर्व्हर ‘अनोळखी व्हेरिएबल’ म्हणून उठायला नकार देतो. ओळीसमोर हॅश लावा, झालं. आणि ‘बफर पूल’ वाढवला की वेग वाढतो असं ऐकून चार जीबी रॅमच्या मशीनवर कुणी चार जीबी लिहितं. तो मूळचा १२८ एमबीवर चालत असतो. इतकी मेमरी मिळत नाही, तो उठत नाही. लिनक्सवर कधी उठतो आणि थोड्या वेळाने सिस्टमच त्याला मारते. अशा वेळी सर्व्हरच्या लॉगमध्ये काहीच सापडत नाही, सिस्टमच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ लिहिलेलं असतं.

खरंच पान फाटलं असेल तर

लॉगमध्ये इनोडीबीचं पान खराब झाल्याचं लिहिलं असेल तर गंभीर. इथे ‘इनोडीबी फोर्स रिकव्हरी’ नावाची सेटिंग आहे, आकडा १ पासून ६ पर्यंत. लोक इंटरनेटवर पाहून थेट ६ लिहितात. असं करू नका. १ ने सुरू करा, नाही उठला तर २, मग ३. तीनपर्यंत धोका कमी. ४ आणि त्यापुढे डेटा कायमचा बिघडू शकतो, म्हणून तिथे जाण्याआधी पूर्ण फोल्डरची प्रत हातात हवीच, आणि शक्यतो मूळ सोडून प्रतीवरच प्रयोग करावा. आणि हे नीट लक्षात घ्या: या सेटिंगवर सर्व्हर उठला म्हणजे बरा झाला असं नाही. त्याला तुम्ही सलाईनवर बसतं केलं आहे. तेवढ्या वेळात ‘डम्प’ काढून घ्यायचा, म्हणजे सगळा डेटा मजकुराच्या फाईलमध्ये बाहेर काढायचा, मग नव्या कोऱ्या सर्व्हरमध्ये भरायचा. त्याच अवस्थेत रोजचं काम सुरू करू नये. तो तसं करूही देत नाही, नव्या नोंदी नाकारतो.

बॅकअप असेल तर यातलं काहीच करावं लागत नाही. शाळेत विचारलं, बॅकअप आहे का? बाबू म्हणाले, रोज होतो. पाहिलं तर रोज होत होता, त्याच मशीनच्या त्याच डिस्कवर. आणि तोही चालू सर्व्हरच्या फोल्डरची नुसती कॉपी. चालू सर्व्हरच्या फायली सतत बदलत असतात, अर्धं पान आधीचं आणि अर्धं नंतरचं येतं. ती प्रत ऐन वेळी दगा देऊ शकते.

हसू नका, मोठ्यांचंही होतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या जगभर वापरल्या जाणाऱ्या कंपनीत रात्री उशिरा थकलेल्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर कमांड देऊन खऱ्या डेटाबेसचा फोल्डर पुसला. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले. बॅकअपच्या पाच सोयी होत्या, ऐन वेळी एकही भरवशाची निघाली नाही. डम्प घेणारा प्रोग्राम वेगळ्या आवृत्तीचा असल्याने कधीपासून फसत होता आणि त्याच्या तक्रारीचे ईमेल कुणाला पोचतच नव्हते. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी कुणी सहज काढून ठेवलेल्या प्रतीवर निभावलं. मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्या. कंपनीने हे काहीच लपवलं नाही, दुरुस्ती चालू असताना थेट प्रक्षेपण केलं आणि नंतर सगळा अहवाल छापला.

शाळेत आता रोज दुपारी मधल्या सुट्टीत डम्प निघतो. एक प्रत मशीनवर, एक पेन ड्राइव्हवर, आणि शुक्रवारची प्रत मुख्याध्यापकांच्या घरी जाते. महिन्यातून एकदा भाचा ती प्रत स्वतःच्या लॅपटॉपवर भरून एक टीसी उघडून पाहतो. सर्व्हर सर्व्हिस म्हणून बसवला आहे, छोटा यूपीएस आणला आहे. चाचांनी मेन स्विचजवळ स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावली: ‘कंप्युटर बंद झाल्याबिगर हात लावू नये’. रजिस्टरमधल्या राहिलेल्या नोंदी बाबूंनी जुलैच्या पहिल्या आठवड्यात शाईने चढवल्या.

आता कुणाला मदत मागताना काय पाठवायचं तेवढं सांगतो, कारण मला रोज लाल ओळीचा फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘भाऊ, करून द्या.’ फोटो नको. लॉग फाईलच्या शेवटच्या शंभर ओळी मजकूर म्हणून पाठवा. तिच्यात पासवर्ड किंवा कुणाचं नाव-गाव नाही ना, तेवढं पाहून घ्या. मायएसक्यूएल आहे की मारियाडीबी, आवृत्ती कोणती, विंडोज की लिनक्स, डिस्कवर किती जागा आहे, आणि काल चालू होता तर कालपासून आजपर्यंत काय बदललं, ते लिहा. काहीच बदललं नाही असं सगळेच लिहितात. जरा आठवून पाहा. एखादं अपडेट, नवा अँटीव्हायरस, पोराने टाकलेला गेम, संध्याकाळी पाडलेलं बटन. आणि मला फोन करण्याआधी काही पुसलं असेल तर तेही न लाजता सांगा. मी रागावणार नाही. रिसायकल बिन रिकामी केली नसेल तर तिथून सुरुवात करू.